एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम: व्हर्च्युअल मशीन वापरताना या चुका टाळा

चिमूर किंवा मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या टायपिंग संस्थेत अजूनही केवळ जुन्या विंडोजवर चालणारे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर वापरात असते, तर पदवीच्या विद्यार्थ्याला लिनक्स शिकायचे असते. पण दोघांकडेही संगणक एकच असतो. अशा वेळी डिस्कचे पार्टिशन न पाडता, आहे त्या विंडोजला धक्का न लावता दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर हा चांगला मार्ग आहे. ते खऱ्या संगणकाच्या आत एक आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, तयार करते. मात्र मशीन सुरूच होत नाही, झाले तर रांगत चालते किंवा एके दिवशी उघडेनासे होते, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत. त्यांतील बहुतेकांचे मूळ आत बसवलेल्या गेस्ट सिस्टिममध्ये नसून तिला जागा देणाऱ्या होस्ट संगणकात असते, म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

मशीन सुरूच होत नाही

व्हीटी-एक्स उपलब्ध नसल्याचा संदेश आला किंवा नवे मशीन तयार करताना यादीत फक्त ३२-बिट पर्याय दिसले, तर अनेकजण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्याने काहीही साधत नाही, कारण आभासी मशीन चालवण्याची प्रोसेसरमधील ही सोय बहुधा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते आधी पाहावे. ते ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेल प्रोसेसरसाठी व्हीटी-एक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम हा पर्याय सुरू करावा. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सुरू असेल, तर बायोसला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की लिहून ठेवावी. पुढच्या वेळी संगणक तीच मागू शकतो, आणि ती हाताशी नसेल तर काम अडून बसेल.

सोय सुरू असूनही मशीन अतिशय संथ चालत असेल आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीखाली हिरव्या कासवाचे चिन्ह दिसत असेल, तर आभासी मशीन चालवणारे विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही मागे चालू आहे असे समजावे. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) किंवा विंडोज सिक्युरिटीतील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण यांमुळेही ते जागे होते. ते बंद करण्याचे उपाय सर्वत्र सांगितले जातात. परंतु ज्या संगणकावर बँकेची किंवा नागरिकांच्या कागदपत्रांची कामे होतात, तिथे वेगासाठी मेमरी इंटिग्रिटी काढून टाकणे मला योग्य वाटत नाही. तिथे कासव सहन करावे.

रॅम आणि उन्हाळा

एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून पाणी वाढत नाही. गेस्टला दिलेली रॅम होस्टच्याच वाट्यातून जाते, आणि विंडोज ११ ची स्वतःची किमान गरजच ४ जीबी आहे. त्यामुळे ८ जीबीच्या संगणकावर गेस्टला ३ ते ४ जीबीपेक्षा अधिक देऊ नये. ४ जीबीच्या संगणकावर विंडोजमध्ये विंडोज चालवण्याचा हट्ट सोडून लुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती यांसारखे हलके लिनक्स घ्यावे. प्रोसेसरचे सगळे कोअरही गेस्टला देऊ नयेत. एवढे करूनही संथपणा राहिला तर संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का ते पाहावे, कारण एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जे मशीन दुपारी अडखळते आणि रात्री नीट चालते, त्याच्या सेटिंग्ज बदलत बसण्यापेक्षा लॅपटॉपचा पंखा साफ करून घ्यावा.

अर्धवट उतरलेली फाइल

उबंटू या लिनक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची मूळ फाइल, ५ जीबीहून मोठी आहे, तर मोबाइलचा रोजचा डेटा बहुधा दीड-दोन जीबीत संपतो. तुकड्यातुकड्यांनी उतरवलेली फाइल कुठेतरी बिघडते आणि इन्स्टॉलेशन मध्येच थांबते. दोष मात्र व्हर्च्युअलबॉक्सला दिला जातो. संकेतस्थळावर दिलेला एसएचए-२५६ अंक (फाइल जशीच्या तशी आहे का हे ओळखण्याची खूण) आपल्या फाइलच्या अंकाशी ताडून पाहिला की शंका मिटते. नागपूर-अमरावतीहून कोणाकडून फाइल मागवायची असेल, तर पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस प्रकारात फॉरमॅट केलेला असावा, कारण फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही.

लाईन गेली तेव्हा

गेस्टची संपूर्ण डिस्क म्हणजे होस्टवरील एक मोठी फाइल असते. तिच्यात लेखन चालू असताना लाईन गेली, तर गेस्टची फाइल सिस्टिम बिघडू शकते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर व्हर्च्युअल मशीनवर महत्त्वाचे काम करूच नये. यूपीएस असल्यास त्याने मिळालेली काही मिनिटे ‘सेव्ह स्टेट’साठी, म्हणजे चालू मशीन आहे त्या स्थितीत जतन करून थांबवण्यासाठी, वापरावीत, त्यासाठी डिस्कवर साधारण गेस्टच्या रॅमएवढी जागा मोकळी हवी.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे स्नॅपशॉट, अर्थात मशीनची त्या क्षणाची नोंदवून ठेवलेली स्थिती, हाच बॅकअप असे मानणे. स्नॅपशॉट घेतल्यानंतर मूळ डिस्क फाइल जशीच्या तशी ठेवली जाते आणि पुढील सर्व बदल दुसऱ्या फाइलमध्ये लिहिले जातात. म्हणजे मशीन चालण्यासाठी दोन्ही फाइली लागतात. जागा कमी पडली म्हणून कोणी फोल्डरमधील ही ‘जास्तीची’ फाइल थेट पुसून टाकली, तर स्नॅपशॉटनंतरचे सगळे काम गेलेच म्हणून समजा. नको असलेला स्नॅपशॉट नेहमी व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढून टाकावा. तो काढून टाकताना फाइली एकत्र होतात व तेवढ्यापुरती अधिक जागा लागते, त्यामुळे डिस्क काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये. होस्टची डिस्क खरोखरच भरली तर चालू मशीन आपोआप थांबते. तेव्हा ते घाईने बंद न करता आधी होस्टवर जागा करावी आणि मग पुढे चालू करावे. खरा बॅकअप हवा असेल तर मशीन पूर्ण बंद करून त्याचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावे.

उरलेल्या अडचणी

इन्स्टॉलेशननंतर पुन्हा पुन्हा तेच इन्स्टॉलर सुरू होत असेल तर आभासी ड्राइव्हमधून आयएसओ काढावी. पडदा लहान दिसणे, कॉपी-पेस्ट न होणे यांवर गेस्टमध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’ हे व्हर्च्युअलबॉक्सचे जोड-सॉफ्टवेअर बसवणे हा उपाय आहे. ठशांचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे टोकन गेस्टला जोडले की ते होस्टवरून नाहीसे होते. यंत्र बिघडलेले नसते, ते एका वेळी एकाच बाजूला दिसते.

जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज एक्सपी चालवायचे असेल, तर तिचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे हे लक्षात घेऊन गेस्टचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवावे. गेस्टमधील विंडोजला स्वतंत्र परवाना लागतो, हेही अनेकांच्या ध्यानात नसते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकच तयार मशीन सगळ्या संगणकांवर उतरवताना ‘क्लोन’ हा पर्याय वापरून प्रत्येक प्रतीला नवा मॅक पत्ता (नेटवर्कवरील मशीनची ओळख) द्यावा. नुसते फोल्डर उतरवून ब्रिज्ड नेटवर्क (गेस्टला थेट राउटरशी जोडणारा पर्याय) लावले तर सर्व प्रतींचा मॅक पत्ता एकच राहतो, राउटर त्यांना एकच आयपी पत्ता देऊ लागतो, आणि एका विद्यार्थ्याचे इंटरनेट सुरू होताच शेजारच्याचे तुटते.