सागवानी चौकटीवर रंग, वर्ख आणि मेण

चित्रासाठी हाताने केलेल्या चौकटीचे सांधे कितीही नेटके जुळले, तरी तिचे रूप ठरते ते शेवटच्या कामात. आधी रंग, मग लाखेचा पातळ हात, त्यावर वर्ख आणि सर्वांत शेवटी मेण, हा क्रम पाळावा. सुरुवातीच्या दिवसांत मी मेण आधी चढवून मग आतल्या काठाला वर्ख लावला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला, कारण मेणावर दुसरे काहीच धरत नाही.

बेळगाव-खानापूर भागात हे काम शिमगा ते मे या कोरड्या दिवसांत उरकावे. गणपतीला भिंतीवर नवी चौकट हवी म्हणून पुष्कळ जण आषाढ-श्रावणात कामाला बसतात. पण लाख ज्यात विरघळवलेली असते ते स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतील बाष्प धरते आणि लाखेवर दुधाळ पांढरी झाक येते. पावसात करणे भागच असेल, तर उघडीप पाहून दुपारी करावे.

चौकट 120, 180 आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेनेच घासावी. नंतर ओल्या फडक्याने पुसून ती उजेडात तिरकी धरावी. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल जेथे राहिला असेल, तेथे लाकूड फिकट दिसते, आणि तो ठिपका आता खरवडला नाही, तर रंग दिल्यावर कायमचा उठून दिसतो. वाळल्यावर उभे राहिलेले तंतू 220 नंबरने हलकेच मोडावेत. सागवान मूळचे तेलकट असल्याने रंगापूर्वी स्पिरिटचा बोळा फिरवावा.

रंग पाण्यात कालवलेला घ्यावा. स्पिरिटचा रंग वरून लाख फिरवताच विरघळून ओघळतो. छटा आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहावी. कोपऱ्यात दोन पट्ट्यांची रेषा काटकोनात बदलते, म्हणून हात सांध्याच्या रेषेवर थांबवावा आणि साचलेला रंग कोरड्या फडक्याने लगेच टिपावा. कोरीव नक्षीत जेथे रेषा आडवी कापली गेली आहे, तेथे लाकूड रंग अधिक पिते. तो भाग आधी पाण्याने किंचित भिजवावा.

पाव लिटर स्पिरिटात 30 ग्रॅम चपडा लाख (पातळ पापड्यांच्या रूपातली लाख) रात्रभर भिजवून गाळून घेतली की दोन पातळ हात पुरतात. वर्ख केवळ आतल्या काठाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सबंध चौकट सोनेरी केली की चित्र मागे पडते. त्या काठावर लाखेत कालवलेल्या गेरूचे दोन हात द्यावेत, म्हणजे वर्खाला ऊब येते. मग पाण्यात मिसळणारा वर्खाचा चिकटा लावावा. तो पांढऱ्याचा पारदर्शक झाला आणि बोटाचे पेर टेकवून उचलताना बारीक ‘टक्’ असा आवाज आला, की वर्ख ठेवण्याची वेळ झाली. पंखा बंद ठेवून कापलेल्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवत ठेवाव्यात, मऊ कुंच्याने दाबाव्यात आणि सुटे कण झाडावेत. चिरांतून दिसणारा गेरू झाकू नये. हाताच्या कामाचे सौंदर्य तेथेच असते. पितळी वर्खात तांबे असल्याने तो काळवंडतो, त्यावर लाखेचा हात अनिवार्य आहे. खऱ्या सोन्याला त्याची गरज नसते.

शेवटी मेण. एक भाग मधमाशांचे मेण किसून गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवावे. ते सुमारे 63 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे थेट आचेची गरज नाही. वाटी चुलीपासून दूर नेऊन मगच तिप्पट वजनाचे टर्पेंटाईन मिसळावे, कारण त्याची वाफ पेट घेते. टर्पेंटाईनने लाख विरघळत नाही, म्हणून ही जोडी जमते. थंड झालेला लेप वर्ख सोडून अगदी पातळ लावावा आणि अर्ध्या तासाने सुती फडक्याने चोळावा. मागील बाजूस व काचेच्या खाचेत मेण जाऊ देऊ नये, नाहीतर मागचा कागद खळीने चिकटत नाही.