भांडण पेटलं की आधी काय करायचं
समोरचा तावातावाने बोलत असतो तेव्हा आपण ऐकत नसतोच, मनात उत्तर जुळवत असतो, आणि तिथंच सगळं बिनसतं. त्याऐवजी त्याचं म्हणणं आपल्या शब्दात परत सांगा, "म्हणजे मीटिंगमध्ये मी तुझं बोलणं सगळ्यांसमोर तोडलं याचा राग आलाय, बरोबर?" चुकलं तर तो दुरुस्त करेल, पण तेवढ्यानेच आवाज खाली येतो बघा. "तू नेहमीच असं करतोस" मधला तो 'नेहमीच' काढून टाका, काल काय झालं तेवढंच बोला. डोकं फारच तापलं तर किमान २० मिनिटांचा ब्रेक घ्या, मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन जोडप्यांना हेच सांगतात. फक्त परत कधी बोलायचं ते सांगून उठा, दार आपटून गेलात तर तो ब्रेक नाही, रुसवा झाला. (मी दोन्ही केलंय.)