ऑस्टिनला नवे आहात? सीडर सुरू व्हायच्या आधीच औषधाचं बघून ठेवा

उन्हाळ्यात आलेल्या मंडळींना टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये फक्त उकाड्याची धास्ती असते. नाकाचा खरा त्रास सुरू होतो तो डिसेंबरच्या मध्यावर. शहराच्या पश्चिमेला टेकड्यांवर जी गडद हिरवी, बुटकी, दाट झाडं दिसतात ती अ‍ॅश ज्युनिपरची. इथे सगळे त्यांना सीडरच म्हणतात. थंडीत त्यातली नर झाडं तांबूस-नारिंगी दिसू लागतात आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला की त्यांच्यातून परागांचे असे लोट उठतात, की लांबून बघणाऱ्याला झाड पेटलंय असं वाटावं. जानेवारीत जोर असतो, फेब्रुवारी सरता सरता ओसरतं. मार्च-एप्रिलमध्ये ओकची पाळी, आणि उन्हाळा संपताना रॅगवीड या तणाची.

पहिल्या वर्षी काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अ‍ॅलर्जी जडायला बऱ्याचदा एक-दोन हंगाम जावे लागतात. पुण्या-मुंबईत कधी शिंक न आलेली माणसं इथे तिसऱ्या हिवाळ्यात रुमाल घेऊन फिरताना मी पाहिली आहेत.

औषधाचं मुख्य सूत्र आधी सांगते. नाक चोंदत असेल, त्रास रोजचा असेल, तर पहिलं औषध गोळी नव्हे, नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे. म्हणजे फ्लुटिकासोन (फ्लोनेझ) किंवा ट्रायमसिनोलोन (नॅसाकॉर्ट). दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळतात. स्टेरॉइड हा शब्द ऐकून आपल्याकडे लोक घाबरतात, पण या स्प्रेचं काम नाकातल्या नाकात चालतं आणि रक्तात फारच थोडं जातं. गोळ्या शिंका, खाज आणि वाहणारं नाक आवरतात, चोंदलेलं नाक मोकळं करण्यात मात्र त्या कमी पडतात. स्प्रेचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तो डिसेंबरच्या सुरुवातीलाच चालू करायचा आणि हंगामभर रोज घ्यायचा. त्रास झाला त्या दिवशी मारला आणि मग विसरला, तर उपयोग होत नाही.

मारायची पद्धत नीट शिकून घ्या, कारण अर्धं यश तिथेच आहे. आधी नाक शिंकरून साफ करा. बाटली हलवा. मान मागे टाकू नका, हनुवटी थोडी खाली ठेवा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरा, म्हणजे नळीचं टोक आपोआप त्या बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं आणि माणूस औषधच सोडून देतो. जोरात ओढू नका, हळूच श्वास घ्या. औषध घशात उतरलं म्हणजे ते वाया गेलं.

ज्यांना लगेच आराम हवा, त्यांच्यासाठी अ‍ॅझेलास्टिनचा स्प्रे (अ‍ॅस्टेप्रो) आहे. तो अर्ध्या तासाच्या आत काम करतो आणि चिठ्ठीशिवाय विकायला त्याला 2021 मध्ये परवानगी मिळाली. चव कडू असते. डोळे चुरचुरत असतील तर केटोटिफेन किंवा ओलोपॅटाडिनचे थेंब घ्या.

गोळीच हवी असेल, तर इथे ऑफिसला रोज गाडी चालवत जायचं आहे हे ध्यानात ठेवून निवडा. फेक्सोफेनाडिन (अलेग्रा) सर्वांत कमी गुंगी आणतं, पण ते पाण्याबरोबरच घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते अंगाला नीट लागत नाही. लोराटाडिनने (क्लॅरिटिन) झोप क्वचितच येते. सेटिरिझिन (झिरटेक) बऱ्याच जणांना जास्त मानवतं, पण काहींना पेंग येते, म्हणून ते रात्री घ्यावं. महिनोन् महिने घेऊन अचानक बंद केलं, तर काहींना अंगभर खाज सुटते. बेनाड्रिल (इथे ही अ‍ॅलर्जीची जुनी गोळी आहे) रोजच्यासाठी नको, त्याची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. ब्रँडला पैसे मोजू नका. कॉस्टको या घाऊक दुकानात त्यांच्याच किर्कलंड ब्रँडच्या वर्षभराच्या सेटिरिझिनच्या गोळ्या एका बाटलीत मिळतात, घटक तोच असतो. एफएसए किंवा एचएसए (औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायची खाती) यांतले पैसेही या औषधांना चालतात.

देशातून येताना सामानात मॉन्टेअर-एलसीच्या पट्ट्या हमखास असतात. त्यातलं मॉन्टेलुकास्ट इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि त्याला कारण आहे. मन:स्थिती बिघडणं, वाईट स्वप्नं, आत्महत्येचे विचार अशा परिणामांमुळे एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने) मार्च 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा लावला. नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी ते आपल्या मनाने घेऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

आता नाक मोकळं करणाऱ्या औषधांविषयी. आफ्रिनच्या स्प्रेने नाक चुटकीसरशी उघडतं, पण तीन दिवसांपलीकडे वापरलं की ते उलट जास्त चोंदतं. सुडाफेड पीई या गोळीतलं फिनाइलएफ्रिन पोटातून घेतल्यावर काम करत नाही, असं 2023 मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं. खरं सुडाफेड, म्हणजे स्यूडोएफेड्रिन, फार्मसीच्या काउंटरमागे ठेवलेलं असतं. फोटो आयडी दाखवून, सही करून घ्यावं लागतं. नावापुढे ‘डी’ असलेल्या गोळ्यांमध्येही तेच असतं. हिवाळ्यात आई-बाबा राहायला आले असतील आणि त्यांना बीपी, हृदयाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर ही ‘डी’वाली गोळी त्यांच्या हाती लागू देऊ नका. आपल्या घरातली गोळी सहज उचलून ‘घ्या, बरं वाटेल’ म्हणायची आपली सवय इथे महागात पडते.

जलनेती करत असाल तर चांगलंच आहे, पण नळाचं पाणी तसंच वापरू नका. डिस्टिल्ड पाणी आणा, नाहीतर किमान एक मिनिट खळखळून उकळून गार केलेलं घ्या. नळाच्या पाण्यात असू शकणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं की बहुधा जीवावर बेततं.

लोक याला सीडर फीवर म्हणत असले, तरी 101 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर तो सीडरचा नाही, डॉक्टरला दाखवा. छातीत शिटी वाजत असेल, धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. गरोदर असाल तर कुठलंही औषध घेण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा.

हे सगळं करूनही दोन हंगाम हैराण गेले, तर अ‍ॅलर्जिस्टकडे जा. त्वचेवर टोचून चाचणी करतात. त्याआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि अ‍ॅझेलास्टिन बंद ठेवावं लागतं, स्टेरॉइड स्प्रे चालतो. मग अ‍ॅलर्जी कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवला, तर तो तीन ते पाच वर्षांचा असतो आणि डोस वाढवत न्यायलाच पहिले काही महिने जातात. येत्या सीडरला गुण हवा असेल, तर वसंतातच अपॉइंटमेंट घ्या, आणि इंजेक्शनाच्या प्रत्येक फेरीचा को-पे (आपल्या खिशातून भरायचा वाटा) किती हे विमा कंपनीला आधीच विचारा.