रशचे अल्बम ऐकायला सुरुवात कुठून करावी

कॅनडाच्या रश या बँडचे १९७४ ते २०१२ या काळातले स्टुडिओ अल्बम ओळीने ऐकायला घेतले, तर पहिल्याच अल्बममधला सरधोपट हार्ड रॉक ऐकून नवखा श्रोता तिथेच थांबण्याची शक्यता अधिक, कारण ड्रमवादक आणि गीतकार नील पिअर्ट त्यानंतर बँडमध्ये आले. म्हणून आरंभ १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’पासून करावा. सुमारे ४० मिनिटांचा हा अल्बम ठाण्याहून नेरूळला किंवा पनवेलला लोकलने जाणाऱ्याला एका फेरीत बहुतेक सगळा ऐकता येतो. मात्र शफल बंद ठेवावे. त्यातल्या ‘वायवायझेड’ या वाद्यरचनेच्या आरंभीचा ठेका म्हणजे टोरोंटो विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांचा मोर्स कोड आहे, तो कान देऊन ऐकावा.

त्यानंतर मागे जाऊन १९७६ चा ‘२११२’ घ्यावा, पण तो घरी, रात्री. त्याच्या मूळ तबकडीची पहिली बाजू म्हणजे सुमारे २० मिनिटांची एकच रचना असून, गुहेत सापडलेली गिटार नायक चाचपडत सुरात लावतो, मागे पाणी वाहते, हा सुंदर भाग लोकलच्या खडखडाटात पार बुडून जातो.

निवडक गाण्यांची संकलने मात्र टाळलेली बरी. त्याऐवजी १९७६, १९८१ आणि १९८९ चे लाइव्ह अल्बम ऐकावेत: प्रत्येकी चार स्टुडिओ अल्बमनंतर आलेले असल्यामुळे बँडचा कोणता टप्पा आपल्याला रुचतो हे त्यांवरून कळते. सिंथेसायझरचे वावडे असल्यास १९८२ ते १९८७ या काळातले अल्बम सावकाश घ्यावेत.