चेंडूआधी ओढणी

संक्रांतीच्या गड्ड्यात (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) कुणी तीन चेंडू हवेत खेळवताना दिसला की पोरं घरी येऊन तेच करायला बघतात. विशेष गरजा असलेल्या मुलाला मात्र पहिल्याच दिवशी चेंडू देऊ नका. जुनी जॉर्जेटची ओढणी काढा, हातभर चौकोन कापा. रुमाल तरंगत, सावकाश खाली येतो. नजरेला आणि हाताला सवड मिळते. एकच रुमाल घ्यायचा. उजव्या हाताने डाव्या खांद्याच्या वर फेकायचा, डाव्याने झेलायचा, मग उलट. हात शरीराची मधली रेघ ओलांडतो ना, खरा व्यायाम तोच.

हे जमलं की जुन्या मोज्यात मूठ-दोन मूठ ज्वारी भरून तोंड घट्ट शिवा. (आमच्याकडे मालदांडी जातीची, गहूही चालतील.) ही पिशवी पडली की थप्पकन तिथंच बसते, गडगडत कॉटखाली जात नाही. खाली सोलापुरी चादर दुहेरी अंथरली तर आवाजाला दचकणारं मूलही रमतं. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला पिशवी देऊन उठून जाऊ नका. पाच-दहा मिनिटं पुरे. मधेच ते रुमाल डोक्यावर घेऊन बसलं, तर बसू द्या.