निळ्या बर्फावर अशनी शोधायला जाल तेव्हा

पोरांनो, तुमच्यापैकी कोणाला अंटार्क्टिकाला जायची संधी मिळाली, तर पांढऱ्या बर्फात वेळ घालवू नका. निळा बर्फ गाठा, म्हणजे वाऱ्याने उघडा पाडलेला जुना, घट्ट बर्फ. अशनी, म्हणजे अवकाशातून येऊन पडलेले दगड, पडतात सगळीकडेच. पण समुद्राकडे सरकणाऱ्या बर्फाला वाटेत डोंगर आडवा आला की तो वर चढतो आणि कोरडा, जोराचा वारा त्याला वरून झिजवत राहतो. बर्फ उडून जातो, पोटातला दगड तिथेच उरतो. हजारो वर्षांत पडलेले दगड असे एका जागी साचतात. १९६९ साली जपानी पथकाला अंटार्क्टिकातल्या यामातो डोंगरांजवळ नऊ अशनी सापडले, तेही वेगवेगळ्या जातींचे, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

मोकळ्या बर्फावर बर्फगाड्या एका ओळीत, तीसेक मीटर अंतर ठेवून चालवतात. डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा पसारा लागला की उतरून पायीच शोधायचं.

डोळा मात्र इथेच तयार करा. कपाशी उपटलेलं रान घ्या, ओळीने चाला. अशनीत बहुधा लोह असतं म्हणून लोक चुंबक लावून बघतात. पण खान्देशात काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पावलोपावली, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असल्यामुळे त्यालाही लोहचुंबक चिकटतो. म्हणून साल बघायला शिका. हवेतून येताना अशनी वरून वितळतो आणि त्यावर काळी, मिलिमीटरभरही जाड नसलेली साल धरते. टवका उडालेला असेल तिथे बहुधा आतलं फिकट राखाडी अंग दिसतं. बेसाल्टचा ताजा टवका आतूनही काळपटच असतो, शिवाय त्याला पुष्कळदा बुडबुड्यांची भोकं असतात. अशनीला ती सहसा नसतात.

१८४३ साली आपल्याच खान्देशात माणेगावला पडलेला अशनी डायोजेनाइट जातीचा. ही जात व्हेस्टा लघुग्रहावरची मानतात आणि तिच्यात धातुरूप लोह जवळपास नसतंच. चुंबकावर भरवसा ठेवणाऱ्याने तो बांधावर फेकून दिला असता! बर्फावर तर चुंबक काढूच नका. दगडाने जपलेली जुनी चुंबकीय नोंद त्याने कायमची पुसली जाते.

सापडला की हात लावायचा नाही. आधी क्रमांक आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो, जीपीएसवर जागेची नोंद, मग स्वच्छ चिमट्याने उचलून निर्जंतुक पिशवीत. प्रयोगशाळेपर्यंत तो गोठलेलाच न्यायचा आणि तिथे कोरड्या नायट्रोजनमध्ये वितळवायचा, म्हणजे बर्फाचं पाणी आत मुरत नाही.

इथे रानात तसा दगड दिसला तर धुऊ नका, हळदकुंकू वाहू नका, फोडू तर नकाच. जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.