झोपेच्या वहीत कामाचाही रकाना ठेवा

मी अमेरिकेत न्यू जर्सीत एका स्लीप लॅबमध्ये, म्हणजे झोपेची तपासणी करणाऱ्या केंद्रात, रातपाळी करतो. बारा वर्षं झाली. डोक्याचं माप टेपने घ्यायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, कातडी हलकी घासून पेस्टने वायरी चिकटवायच्या. एका माणसाला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात पुरुष बोलतात. डॉक्टरांना "थोडा घोरतो" एवढंच सांगणारा माणूस पाठमोरा बसला की नोकरीचं सांगायला लागतो.

मागच्या हिवाळ्यात पन्नाशीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ आले होते. मोठा हुद्दा, पगार उत्तम. त्यांच्या कानामागे इलेक्ट्रोड बसवत होतो तेव्हा म्हणाले, "मीटिंगला मी दहा मिनिटं आधीच जातो. मला उशीर झाला तर तो माझ्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांच्या खात्यावर जमा होतो." रात्री साडेबारापर्यंत स्क्रीनवर त्यांच्या मेंदूच्या लहरी जागेपणाच्याच होत्या. श्वास अगदी व्यवस्थित. माणूस नुसता सावध पडून होता.

हे एकट्याचं नाही. २०१४ च्या अमेरिकी सरकारी पाहणीत दिवसाला किमान ७ तास झोपतो असं सांगणारे गोरे ६६.८ टक्के होते, आशियाई ६२.५ आणि कृष्णवर्णीय ५४.२. २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी व्यवसायानुसार हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की हुद्दा वाढला की गोऱ्यांत कमी झोपणारे घटतात, कृष्णवर्णीयांत मात्र वाढतात. चांगली नोकरी सगळ्यांना सारखी झोप देत नाही. आपल्या एच-वन-बीवरच्या, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावरच्या, मुलांना हे वेगळ्या वाटेने कळतं: नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. मग कामावर मन नसलं तरी हसून "ऑल गुड" म्हणायचं आणि रात्री कूस बदलत राहायचं.

म्हणून माझ्याकडे कुणी "झोप येत नाही, काय करू?" विचारलं की मी चौदा दिवसांची वही करायला सांगतो. साधी शंभर पानी चालेल, पण फोनवर नको. फोन हातात आला की ऑफिसची मेल उघडते.

सकाळी उठल्यावर लिहा: दिवा कधी बंद केला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळ जाग होती, अंथरूण कधी सोडलं. रात्री घड्याळ बघू नका, अंदाज पुरे. दुसरा रकाना कामावरून निघताना भरायचा: आज कामाचं समाधान दहापैकी किती, आणि एक ओळ. ती ओळ खरी हवी. "बिझी दिवस" उपयोगाचं नाही. "माझी सूचना, श्रेय दुसऱ्याला", "उच्चारावरून हसले", "पुन्हा रातपाळी मलाच" असं लिहा.

आता गणित. ११ ला दिवा बंद, साडेसहाला उठलात, म्हणजे ४५० मिनिटं अंथरुणात. त्यात झोप ३४५ मिनिटं. ३४५ भागिले ४५०, म्हणजे ७७ टक्के. ८५ च्या खाली सतत राहत असेल तर लक्ष द्यायला हवं. मग दिवसांचे दोन ढीग करा, समाधान सात आणि वर, चार आणि खाली, आणि दोन्हींची सरासरी झोप काढा. सुट्टीच्या रात्री वेगळ्या ठेवा. माझ्या आधीच्या नोकरीत रविवारची रात्र सगळ्यात वाईट निघाली होती, ४ तास १० मिनिटं, कारण सोमवारी पाळ्यांचा तक्ता लागायचा. इचलकरंजीत माझे वडील यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करायचे. पाळी बदलायच्या आदल्या रात्री तेही अंगणात फेऱ्या मारायचे. आकडे मांडेपर्यंत मला त्या फेऱ्या समजल्या नव्हत्या.

सुट्टीतही झोप तितकीच वाईट असेल, बायको "श्वास अडकतो" म्हणत असेल, तर दोष नोकरीला देऊ नका, तपासणी करून घ्या. घरच्या ऑक्सिमीटरवर ९५ दिसलं म्हणून टाळू नका. काळसर त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. २०२० मध्ये अमेरिकन रुग्णालयांतल्या नोंदींवरून ते ठळकपणे पुढे आलं.

बिघाड कामाच्या दिवसांतच दिसला, तर संध्याकाळी सातच्या सुमारास वीस मिनिटं बसून उद्याच्या काळज्या लिहून काढा, अंथरुणात नेऊ नका. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. कॉफी दुपारनंतर बंद. पाळ्या बदलत्या असतील तर सकाळ, संध्याकाळ, रात्र याच क्रमाने द्या म्हणून मागा. उलट्या क्रमापेक्षा शरीराला ते सोपं जातं. महिनाभर करूनही फरक नाही तर झोपेच्या गोळीआधी निद्रानाशासाठीच्या सीबीटी उपचाराची (गोळीशिवाय, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराची) चौकशी करा.

पण वर्णावरून होणारा अन्याय कॉफी सोडून जात नाही. त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितलं: कामाच्या रकान्यातल्या ओळींना तारीख घाला, कोण हजर होतं ते लिहा. भेदभावाची तक्रार ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते, न्यू जर्सीसारख्या बऱ्याच राज्यांत ३००. तीन आठवड्यांनी ते रिपोर्ट न्यायला आले तेव्हा कोटाच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही होती.